सोबत सावधपणाची

सायकलीवरून पहिल्यानेच एकटे निघताना पुष्कळांची छाती धडधडते. मागून भरधाव मालमोटार येते आणि ‘आपण पडलो तर?’ अशी शंका मनाला चाटून जाते. अशी भीती वाटणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. भीती ही धोक्याची सूचना होय. सूचना ऐकावी, परंतु तिने हातपाय मात्र गळू देऊ नयेत.

नवशिका सायकलस्वार खड्ड्याला भितो, म्हणून एकसारखा खड्ड्याकडेच पाहतो. जिकडे दृष्टी तिकडे हँडल वळते आणि चाक नेमके खड्ड्यात जाते! घाबरून वेग फारच कमी केला, तर तोल सांभाळणे अधिकच कठीण होते. म्हणून दृष्टी नेहमी पुढच्या मोकळ्या वाटेवर ठेवावी.

भीती एका दिवसात जात नाही. ती सरावाने ओसरते. आयर्लंडमधील लिझमोर या गावी डर्व्हला मर्फी नावाची मुलगी राहत असे. १९४१ साली, दहाव्या वाढदिवशी, तिला एक सायकल आणि नकाशांचे पुस्तक मिळाले. थोड्याच दिवसांनी एक चढ चढताना तिच्या मनात आले, की असेच पाय चालवीत राहिले तर आपण हिंदुस्थानातही पोहोचू! तरीही ती लगेच निघाली नाही. १९५१ साली तिने वेल्स व दक्षिण इंग्लंडमध्ये एकटीने प्रवास केला. पुढे युरोपातील इतर देश पाहिले. १९६३ च्या जानेवारीत, ऐन कडाक्याच्या थंडीत, ती हिंदुस्थानच्या वाटेला लागली. तत्पूर्वी तिने वाटेतील निरनिराळ्या ठिकाणी जादा टायर पाठवून ठेवले होते. आशियातील खडबडीत रस्त्यांवर टिकाव लागणार नाही, म्हणून सायकलीचे नाजूक गिअरही तिने काढून टाकले. तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान व पाकिस्तान ओलांडून त्याच वर्षी ती दिल्लीस पोहोचली. तिच्या धाडसाच्या मागे अशी पूर्वतयारी होती.

शाळेची वाट लहान असली तरी तयारी हवीच. निघण्यापूर्वी ब्रेक, घंटी आणि चाकांतील हवा तपासावी. कोठे जाणार व केव्हा परतणार, हे घरी सांगावे. डोक्यावर हेल्मेट घालावे. रस्त्याच्या डाव्या बाजूने जावे. वळण्यापूर्वी मागे पाहून हाताने इशारा करावा. उतारावर केवळ पुढचा ब्रेक एकदम दाबू नये, नाहीतर स्वार पुढे फेकला जातो. दोन्ही ब्रेक हळूहळू लावावेत. पावसात ब्रेक उशिरा लागतात, म्हणून वेग आधीच आवरावा. अंधारात पुढे दिवा व मागे लाल दिवा असावा. मोठ्या वाहनाला अगदी खेटून जाऊ नये. आपण चालकाला दिसत आहोत, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. रहदारी फार असेल तर खाली उतरून सायकल हाती धरून चालावे. त्यात कमीपणा नाही.

घरी कोणीतरी वाट पाहत असते. हे ध्यानात ठेवून जो सायकल चालवितो, तो एकटा असूनही निराधार नसतो. सावधपणाची सोबत त्याच्याबरोबर असते.