धुराचे बळ आणि त्याचा बंदोबस्त

पेट्रोलच्या इंजिनात जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेचा जमाखर्च कोणी मांडलाच, तर जमेच्या बाजूस फार थोडे पडते. ढोबळ मानाने त्या उष्णतेचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही कमी भाग चाके फिरवण्याच्या कामी येतो. जवळजवळ तितकाच भाग सिलिंडरच्या भिंतींतून पाण्याला, तेलाला आणि वाऱ्याला दिला जातो. आणि उरलेला, कित्येकदा सर्वांत मोठा, भाग तप्त धुराच्या रूपाने एक्झॉस्टच्या नळीवाटे निघून जातो. या धुराचे तापमान आठशे-नऊशे अंश सेल्सिअसपर्यंत चढते, त्याला दाब असतो, वेग असतो. आणि असे असूनही मोटारीच्या इतिहासातील कितीतरी वर्षे त्याला आवाज न होऊ देता बाहेर काढून देणे, एवढेच काम अभियंत्यांनी आपल्याकडे घेतले होते. या वाया जाणाऱ्या बळाकडून काम वसूल करण्याच्या कल्पनेचे पेटंट आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्येच घेतले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे कल्पना आणि तिची सिद्धी यांमध्ये केवढे अंतर असू शकते याची जाणीव होते.

ब्यूखीची तजवीज दिसावयास साधी आहे. धुराच्या वाटेत पात्यांचे एक चक्र ठेवावे. ते ज्या दांड्यावर फिरते त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवावे. आणि या दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा ओढून, दाबून, इंजिनाच्या मुखात घालावी. हवेवरच एवढा भर का, याचे कारण असे, की इंधन हवे तितके ओतता येते, अडते ते नेहमी हवेपाशी. एक किलो पेट्रोल पूर्णपणे जळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते. म्हणजे एका लिटर पेट्रोलमागे नऊ हजार लिटर हवा इंजिनाला आत घ्यावी लागते. साधे इंजिन ही हवा पिस्टन खाली जाताना निर्माण होणाऱ्या पोकळीच्या जोरावर ओढते आणि वातावरणाच्या दाबापेक्षा अधिक दाबाची हवा त्याला सहसा मिळत नाही. टर्बोचार्जर, म्हणजे ब्यूखीची हीच तजवीज, ही मर्यादा उठवतो, आणि त्यासाठी लागणारे बहुतेक बळ ज्या धुरावर आपण पाणी सोडले होते त्याच धुराकडून घेतो.

या युक्तीचे पहिले यश रस्त्यावर दिसले नाही. १९१८ मध्ये अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने विमानाचे लिबर्टी इंजिन पाइक्स पीक या सुमारे ४,३०० मीटर उंचीच्या पर्वतावर नेऊन, तेथील विरळ हवेतही टर्बोच्या साह्याने समुद्रसपाटीइतकी शक्ती मिळवून दाखवली. आणि ब्यूखीच्या पद्धतीने दोन जर्मन जहाजांच्या डिझेल इंजिनांची शक्ती १९२५ च्या सुमारास १,७५० अश्वशक्तीवरून २,५०० वर गेली. जहाजाचे आणि विमानाचे इंजिन तासन्‌तास एकाच गतीने चालते, आणि टर्बोला असे संथ, एकसुरी जीवन फार मानवते. स्पोर्ट्स कारचे इंजिन मात्र क्षणात मंद आणि क्षणात तीव्र होते. चालक वळणावर ॲक्सिलरेटरवरचा पाय काढतो, वळणाच्या मध्यावर तो हलकेच टेकवतो, आणि वळण सुटताच पूर्ण दाबतो. या प्रत्येक हुकुमाची तामिली तत्काळ आणि मागितली तितकीच व्हावी, अशी त्याची अपेक्षा असते. १९६२ मध्ये ओल्ड्समोबिल आणि शेव्हरोलेट या अमेरिकन कंपन्यांनी टर्बोच्या मोटारी विक्रीस आणल्या, परंतु त्या अल्पकाळच टिकल्या. टर्बोने शक्ती मिळते हे सर्वांना ठाऊक होते. ती शक्ती आज्ञाधारक कशी करावी, हे मात्र कोणालाच नीटसे साधले नव्हते.

ते साधण्याचा जो प्रयत्न जर्मनीतील वाइसाख येथील पोर्शेच्या संशोधन केंद्रात १९७१ नंतर झाला, तो मला यंत्रविद्येच्या इतिहासातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण वाटतो. पोर्शेची ९१७ ही शर्यतीची मोटार हान्स मेझगर याने आखलेल्या, हवेने थंड होणाऱ्या, बारा सिलिंडरांच्या इंजिनावर धावत असे. युरोपातील नियम बदलून १९७१ अखेर पाच लिटरच्या मोटारींना मज्जाव झाल्यावर पोर्शेने उत्तर अमेरिकेतील कॅन-ॲम शर्यतींकडे मोर्चा वळवला. तेथे इंजिनाच्या आकारमानावर बंधन नव्हते आणि प्रतिस्पर्धी आठ लिटरांहून मोठी इंजिने वापरीत होते. सोळा सिलिंडरांचे इंजिन बांधून पाहिल्यावर अखेर बारा सिलिंडरांच्या इंजिनालाच दोन टर्बो लावावेत असे ठरले, आणि व्हॅलेंटिन शेफर या अभियंत्याच्या देखरेखीखाली काम सुरू झाले. टर्बोवाचून सुमारे सहाशे अश्वशक्ती देणारे हे इंजिन १९७३ च्या ९१७/३० या मोटारीत ५.४ लिटरचे होऊन ११०० अश्वशक्ती देऊ लागले, आणि परीक्षणाच्या बाकावर, म्हणजे डायनामोमीटरवर, त्याने याहून कितीतरी अधिक दिली.

परंतु बाकावरचे इंजिन आणि वळणावरचे इंजिन यांत फार फरक असतो. पहिल्या चाचण्यांत हे इंजिन एखाद्या कळीप्रमाणे वागे: बंद, नाहीतर एकदम पूर्ण चालू. या मोटारीचा चालक मार्क डोनोह्यू हा स्वतः यंत्र-अभियांत्रिकीचा पदवीधर होता, आणि या दोषाचे मूळ शोधण्यात त्याचा मोठा वाटा आहे. साध्या इंजिनात थ्रॉटल, म्हणजे हवेच्या वाटेतील झडप, किती उघडे आहे आणि फेऱ्या किती आहेत, एवढे दोन आकडे कळले की आत किती हवा गेली हे निश्चित सांगता येते, आणि त्या मानाने इंधनाचे माप ठरवता येते. टर्बोच्या इंजिनात हा हिशेब कोसळतो. कारण तितक्याच फेऱ्या आणि तितकेच उघडे थ्रॉटल असताना टर्बो वेगात असेल तर हवा भरपूर जाते आणि मंदावलेला असेल तर अगदी थोडी. तिसरा आकडा, दाबाचा, हिशेबात धरल्यावाचून इंधनाचे माप चुकतेच. पूर्ण थ्रॉटलवर, उच्च फेऱ्यांवर हे माप बिनचूक लागले होते; ज्या मधल्या मुलुखात चालक वळणावर वावरतो, तेथे ते लागलेले नव्हते. अर्ध्या आणि पाव थ्रॉटलवर, कमी फेऱ्यांवर इंजिन पुन्हा बाकावर चढवून इंधनाचे माप बिंदूबिंदूने बसवावे, हा डोनोह्यूचा आग्रह होता. आणि ते काम झाल्यावर तीच मोटार चालवण्याजोगी झाली. १९७२ ची कॅन-ॲम स्पर्धा जॉर्ज फॉल्मरने आणि १९७३ ची स्वतः डोनोह्यूने या मोटारींवर जिंकली. इंजिनाची जुळणी म्हणजे सर्वोच्च शक्तीचा आकडा गाठणे, ही समजूत आजही तरुण हौशी लोकांत दृढ आहे. वाइसाखच्या त्या महिन्यांचा इतिहास त्यांनी अवश्य वाचावा, असे मला मनापासून वाटते.

टर्बोत हुकूम आणि तामिली यांमध्ये मुदतही पडते, आणि तिचे कारण शुद्ध गतिशास्त्रीय आहे. टर्बोचे चक्र मिनिटाला एक लाखाहून अधिक फेऱ्या घेते. मंदावलेले चक्र तेथवर नेण्यास धूर हवा, धूर वाढण्यास इंधन अधिक जळावयास हवे, आणि इंधन जळण्यास हवा तर त्या चक्राकडूनच मिळावयाची. या परस्परावलंबनातून सुटण्याचा एक मार्ग म्हणजे चक्र लहान करणे, कारण एकाच घडणीच्या चक्राचे जडत्व व्यासाच्या पाचव्या घाताने बदलते: व्यास एक पंचमांशाने कमी केला, तर जडत्व जेमतेम एक तृतीयांश उरते. एका मोठ्या टर्बोऐवजी दोन लहान टर्बो लावण्यामागे हेही एक कारण आहे. मात्र लहान चक्र उच्च फेऱ्यांवर धुराच्या लोंढ्याने बेकैद वेगात जाऊ लागते, दाब मर्यादेबाहेर चढतो. म्हणून ठरलेला दाब गाठताच जास्तीचा धूर चक्राला वळसा घालून परस्पर बाहेर सोडणारी एक झडप ठेवावी लागते, तिला वेस्टगेट म्हणतात. ९१७/३० मध्ये हा दाब कमी-जास्त करण्याचे बटण चालकाच्या हाताशीच दिलेले होते.

विलंबाचा असा बंदोबस्त झाला तरी उष्णतेचा प्रश्न शिल्लक राहतो, आणि तो अधिक बिकट आहे. सायकलच्या पंपाचे बूड हवा भरताना तापते, ही गोष्ट शाळकरी मुलालाही माहीत असते. तोच नियम येथे लागू होतो. बाहेरची हवा ३० अंशांची असेल आणि टर्बोने तिचा दाब १.८ पट केला, तर चक्राची कार्यक्षमता सत्तर टक्के धरून ती सुमारे ११० अंशांपर्यंत तापते. आणि हेच इंजिन मे महिन्यात नागपूरच्या ४५ अंशांत चालवले, तर सव्वाशेच्या पुढे जाते. तप्त हवा विरळ असते, म्हणजे दाबून जे मिळवले त्यातील काही भाग तापण्यात गमावला जातो. हे नुकसान परवडेल, परंतु खरा धोका निराळाच आहे. स्पार्क प्लगपासून निघालेली ज्योत सिलिंडरमध्ये क्रमाक्रमाने पसरत जावी अशी योजना असते. ज्योत पोहोचण्यापूर्वीच दूरच्या कोपऱ्यातील, दाबाने व उष्णतेने आधीच बेजार झालेले मिश्रण आपोआप पेटले, तर दाबाच्या लाटा भिंतींवर आदळतात. मेकॅनिक त्यालाच नॉकिंग म्हणतात. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा, त्याला ज्वाळेपासून जपणारा, स्थिर वायूचा पातळ थर उधळून लावतात आणि ॲल्युमिनियमचा पिस्टन काही क्षणांत वितळू लागतो.

यावर १९७० च्या दशकातील उपाय म्हणजे कॉम्प्रेशन रेशो, अर्थात पिस्टन सिलिंडरमधील मिश्रण किती पट दाबतो ते प्रमाण, कमी ठेवणे. १९७४ च्या पॅरिस प्रदर्शनात पोर्शेने आणलेल्या ९११ टर्बोच्या तीन लिटर इंजिनात तो अवघा ६.५ होता, टर्बोचा दाब ०.८ बार, शक्ती २६० अश्वशक्ती. ही मोटार बांधताना घेतलेली काळजी पाहण्याजोगी आहे. पूर्वीच्या ९११ मध्ये मॅग्नेशियमची असणारी क्रँककेस येथे अधिक बळकट अशा ॲल्युमिनियमची केली गेली. अशी इंजिने बांधणारा कुशल कारागीर पिस्टनच्या रिंगांच्या टोकांतील फट नेहमीपेक्षा थोडी अधिक ठेवतो, कारण तापलेली रिंग लांबते आणि टोके एकमेकांस भिडली तर सिलिंडर ओरखडला जातो. एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या पोकळ दांड्यात सोडियम भरतात, ते तापून पातळ होते आणि व्हॉल्व्हच्या माथ्याची उष्णता दांड्याकडे वाहून नेते. टर्बोचे धुराकडचे चक्र निकेलच्या मिश्रधातूचे घडवतात आणि त्याचा दांडा बेअरिंगमध्ये तेलाच्या पातळ पटलावर तरंगत फिरतो. लांबचा वेगवान प्रवास संपताच इंजिन एकाएकी बंद केले, की हे तेल जागच्या जागी जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून थांबण्यापूर्वी मिनिट-दोन मिनिटे ते मंद गतीने चालू ठेवण्याचा परिपाठ पडला.

कमी कॉम्प्रेशन रेशोची किंमत मात्र मोजावी लागे. टर्बो जागा होईपर्यंत हे इंजिन अशक्त असे, आणि मग शक्ती एकदम येई. मागे इंजिन असलेल्या मोटारीत, वळणाच्या मध्यावर, हा आकस्मिक लोंढा सांभाळणे अनुभवी चालकासही कठीण जाई. दाबलेली हवा सिलिंडरमध्ये जाण्यापूर्वी थंड करणारा इंटरकूलर हा यावरचा अधिक चांगला उपाय होता. वर सांगितलेली ११० अंशांची हवा ५० अंशांवर आणली, तर तीच हवा एकोणीस टक्क्यांच्या आसपास अधिक घन होते, आणि नॉकिंगची भीती मागे हटते. पोर्शेने १९७४ मध्ये ल मांच्या चोवीस तासांच्या शर्यतीत दुसरी आलेली २,१४२ घनसेंटिमीटरची टर्बो मोटार इंटरकूलरसह उतरवली होती. पुढच्या वर्षी, ९ ऑगस्ट १९७५ रोजी, टॅलाडेगाच्या बंदिस्त मार्गावर डोनोह्यूने ९१७/३० मधून ताशी सुमारे ३५६ किलोमीटरचा विक्रम केला, तेव्हाही पूर्ण थ्रॉटलचा अखंड ताप इंजिनाला सोसावा म्हणून मुद्दाम इंटरकूलर बसवले होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत ऑस्ट्रियातील अपघातात त्याचा अंत झाला. या विद्येची ती मोठी हानी होती. १९७८ च्या ९११ टर्बोत इंटरकूलर मागील पंखाखाली आला, इंजिन ३.३ लिटरचे झाले, कॉम्प्रेशन रेशो ७ वर आणि शक्ती ३०० वर गेली.

आजची जुळणी संगणकावर होते, पण तिचा क्रम तोच आहे. इंजिन डायनामोमीटरवर एका ठरावीक गतीला धरून ठेवावे. प्रज्वलनाचा क्षण एकेका अंशाने पुढे आणावा. मिश्रण इंधनाच्या बाजूने किंचित जड ठेवावे, कारण जास्तीचे इंधन बाष्प होताना उष्णता शोषते. धुराचे तापमान पाहत दाब थोडाथोडा वाढवावा. आणि नॉकिंगची सीमा येण्यापूर्वी पुरेसे अंतर राखून थांबावे. मग पुढची गती, मग पुढचा भार, असे शेकडो बिंदू. जो हे न करता केवळ दाबाचा आकडा वाढवून देतो, त्याने थंड सकाळी, उत्तम पेट्रोलवर जमवलेले इंजिन आपल्याकडच्या उन्हाळ्यात, घाट चढताना पिस्टन गमावील, हे समजण्यास वर मांडलेले गणित पुरेसे आहे.

स्वीडनच्या साब कंपनीने १९८२ च्या सुमारास इंजिनाच्या अंगावर कंपने टिपणारे संवेदक बसवून या सीमेची राखण इंजिनाकडेच सोपवली: नॉकिंगची चाहूल लागताच वेस्टगेट उघडून दाब उतरे, आणि धोका टळताच पुन्हा चढे. असे संवेदक, अधिक नेमके इंधन-मापन, आणि टर्बोच्या तोंडाशी धुराची वाट लहान-मोठी करणारी, सुमारे हजार अंशांत टिकणारी हलती पाती, या सर्वांचा संयोग २००६ च्या ९११ टर्बोत झाला. तिचे इंजिन ३.६ लिटरचे, शक्ती ४८० अश्वशक्ती. आणि पूर्वी ६.५ वर अडवून धरावा लागलेला कॉम्प्रेशन रेशो तेथे ९ झालेला आहे.