पाण्यातील युरेनियम आणि शर्करा-फॉस्फेट

जैतापूरच्या प्रस्तावित अणुऊर्जा प्रकल्पामुळे 'युरेनियम' हा शब्द हातखंब्याच्या तिठ्यापासून राजापूरपर्यंत घरोघरी पोहोचला. त्याविषयी भीती पुष्कळ बोलली गेली. परंतु हे मूलद्रव्य पाण्यात नेमके कसे वागते, याची माहिती त्या मानाने कमी पोहोचली. पालक व माजी विद्यार्थी यांनी ती जाणून घ्यावी, एवढाच या लेखाचा हेतू.

युरेनियम पृथ्वीच्या खडकांत मुळातच आहे. १७८९ साली क्लाप्रोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने ते शोधले. हवेच्या संपर्कातील पाण्यात युरेनियमचा अणू दोन ऑक्सिजन अणूंना दोन्ही बाजूंस धरून राहतो. या धनभारित त्रिकुटास 'युरेनिल आयन' म्हणतात. त्याच्या मध्यभागाभोवती पाण्याचे रेणू चिकटलेले असतात. मात्र फॉस्फेटचा ऋणभारित ऑक्सिजन भेटला, की युरेनिल पाण्याला सोडून त्याला घट्ट धरतो.

असे फॉस्फेट आपल्या देहात सर्वत्र आहे. भातातून मिळालेले ग्लुकोज पेशीत शिरताच त्याला फॉस्फेट जोडले जाते. डीएनएचा कणादेखील शर्करा व फॉस्फेट यांच्या एकाआड एक जोडणीतून बनतो. युरेनिल प्रथम फॉस्फेटचे टोक पकडतो. पाणी अल्कधर्मी होत गेले, की काही शर्करांचे हायड्रॉक्सिल गटही त्या बंधनात सामील होतात. उलटपक्षी, पाण्यात कार्बोनेट विपुल असेल तर तेच युरेनिलला आपल्याकडे ओढते आणि युरेनियम विरघळलेलेच राहते. म्हणजे बंध कोणाशी जुळेल, हे पाण्याची आम्लता व त्यातील क्षार ठरवितात.

पिण्याच्या पाण्यातील नैसर्गिक युरेनियमचा मुख्य धोका किरणोत्साराहून अधिक रासायनिक आहे आणि त्याची झळ प्रथम मूत्रपिंडास पोहोचते. जागतिक आरोग्य संघटनेने लिटरमागे ३० मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचविली आहे. पाणी उकळल्याने युरेनियम जात नाही. वाफ निघून गेल्यावर उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण उलट वाढते. आरओ यंत्राने मात्र ते बरेच कमी होते. रंग वा चवीवरून काहीच कळत नसल्याने प्रयोगशाळेतील तपासणी हाच खरा मार्ग होय.

फॉस्फेटची हीच पकड शुद्धीसाठीही वापरता येते. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी डीनोकॉकस रेडिओड्युरन्स या तीव्र किरणोत्सार सोसणाऱ्या जिवाणूत फॉस्फेट सुटे करणाऱ्या विकराचे जनुक बसविले. हे संशोधन २००६ साली प्रसिद्ध झाले. शर्करा-फॉस्फेटांचे निकटचे नातलग असलेले ग्लिसरोफॉस्फेट या जिवाणूस पुरविले असता तो त्यातील फॉस्फेट मोकळे करतो. ते युरेनियमशी संयोग पावून न विरघळणारा साका बनतो आणि पाण्यातून वेगळा काढता येतो.

उद्या आपल्या परिसरातील पाण्याविषयी कोणी ग्वाही दिली वा भय घातले, तर आपल्या मुलांनी तीन गोष्टी विचाराव्यात: पाण्याची तपासणी कोणी केली, केव्हा केली आणि आकडा किती आला? असे प्रश्न विचारणारी पिढी घडविणे, हे शाळेचे काम आहे.