रिमिक्सची पारख

घरचा मुलगा व्हिडिओ गेमच्या धुनेचे रिमिक्स, म्हणजे जुनी चाल नव्या वाद्यांवर बांधून, ऐकवतो, तेव्हा नुसते ‘छान’ म्हणून बोळवण करू नये. आम्ही कापडवाले ताग्यातला ऐब बोट ठेवून दाखवतो; येथेही तेच हवे. कोजी कोंडो यांनी १९८५ साली ‘सुपर मारिओ’ची धून रचली, तेव्हा त्या यंत्रातून एका वेळी मोजकेच सूर निघत. चालच भक्कम लागे. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मात्र ढोलाचा शौक भारी! वडसा येथील झाडीपट्टी नाटकांना दिवाळीनंतर हंगामभर वादक लागतात, पण तेथला रात्रभर बसणारा प्रेक्षक मुलाहिजा ठेवत नाही. म्हणून जमले ते आधी सांगावे, मग चाल नेमकी कोठे दबली ते. ढोल उतरवून तीच धून पुन्हा वाजवायला लावावी. फरक मुलाच्याच कानाला कळेल.