शेवईएवढी तार

म्हाकूळ साफ करताना आधी डोकं ओढायचं. त्याबरोबर आतडी आणि शाईची पिशवी येते. मग पाठीतली काचेसारखी पट्टी उपसली की उरते पांढरी नळी, जिच्या चकत्या करून आपण तळतो. या नळीच्या आतल्या अंगाला दोन बाजूंना चांदणीसारख्या दोन गाठी असतात. तिथून चेतातंतू फाकतात. सगळ्यात जाड तंतू अर्धा मिलिमीटर, मोठ्या जातींत मिलिमीटरभर. शेवईच म्हणा ना! रक्तवाहिनी वाटावी असा.

आपल्या अंगातला जाडातला जाड तंतू 0.02 मिलिमीटरचा, तरी त्यातून संदेश सेकंदाला शंभरेक मीटर धावतो. कारण त्यावर मेदाचं वेष्टन असतं आणि संदेश वेष्टनातल्या फटींवरून उड्या मारत जातो. म्हाकुळाकडे ही सोय नाही. तिथे वेग वाढवायचा तर तारच जाड करायची, आणि सौदा महाग: वेग दुप्पट हवा तर जाडी चौपट. एवढं करून सेकंदाला वीस-पंचवीस मीटर. पण जीव वाचवायला पुरतात. नळी एकदम आवळली की पाण्याची पिचकारी सुटते आणि म्हाकूळ पसार. टोकाकडे जाणारे तंतू जास्त जाड, जवळचे बारीक. म्हणून सगळे स्नायू जवळपास एकाच क्षणी आखडतात. ही आखणी मला तर फार आवडते.

प्राणिशास्त्रज्ञ जे. झेड. यंग यांनी 1936 साली या तंतूची ओळख करून दिली. 1939 च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या प्लिमथच्या किनाऱ्यावर ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्सली या शास्त्रज्ञांनी तो टांगला. हक्सलींना आतला रस किती पातळ आहे ते बघायचं होतं. त्यांनी पाऱ्याचे थेंब सोडले. थेंब जागचे हलेनात. आत रस कुठला, जेलीच! मग त्याच तंतूत त्यांनी विजेचा दाब मोजणारी बारीक नळी सरकवली. आतली बाजू एरवी बाहेरच्यापेक्षा ऋण असते. संदेश जाताना हा फरक शून्यावर येईल, असं तेव्हाचं शास्त्र सांगे. प्रत्यक्षात तो शून्य ओलांडून चाळीसेक मिलिव्होल्ट धन झाला. काही आठवड्यांत महायुद्ध सुरू झालं आणि काम थांबलं.

खुलासा 1952 मध्ये आला: आधी सोडियम आत घुसतो, मग पोटॅशियम बाहेर पडतो, सगळा खेळ मिलिसेकंदाचा. केंब्रिज विद्यापीठाचा संगणक तेव्हा बंद, म्हणून हक्सलींनी या खेळाची गणितं हाताने फिरवायच्या यंत्रावर केली. 1963 साली दोघांना नोबेल मिळालं.

त्याआधी, 1961 मध्ये, प्लिमथलाच तंतू रबरी गादीवर ठेवून छोट्या रुळाने त्यातली जेली पिळून काढली गेली. रिकाम्या नळीत पोटॅशियमचं खारं पाणी भरलं. संदेश तरीही धावला.