वस्तूचे गुणधर्म कोठे मांडावेत?

गिडो व्हान रॉसम यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या पायथन या संगणकभाषेत 'क्लास' म्हणजे वस्तू घडविण्याचा साचा होय. शाळेच्या वर्गाशी त्याचा संबंध नाही. तरीही दृष्टान्तास शाळाच सोयीची.

विद्यार्थिमित्रहो, समजा 'विद्यार्थी' नावाचा साचा केला आणि त्याच्या अंगातच 'गुण' नामक रिकामी यादी लिहून ठेवली. ही यादी प्रत्येकाची भासते; असते मात्र एकच, कारण साचा वाचला जाताना ती एकदाच निर्माण होते. मग सुमतीच्या यादीत 'अपेंड'ने ८२ गुण घातले की ते माधवाच्याही यादीत दिसू लागतात, आणि संगणक चकार शब्द काढीत नाही! अशा गुणपत्रकावरून उत्तीर्ण कोण नि अनुत्तीर्ण कोण, हे कसे ठरावे? संख्येच्या बाबतीत असे सहसा घडत नाही; नवी किंमत देताच त्या वस्तूपुरता निराळा गुणधर्म तयार होतो. नवशिका फसतो तो यामुळेच.

यास्तव ज्याचे त्याचे गुणधर्म 'इनिट' या मेथडमध्ये 'सेल्फ'ला जोडून लिहावेत. वस्तू घडताना ती आपोआप चालते व प्रत्येक वस्तूस नवी यादी मिळते. अन्य मेथडमध्ये गुणधर्म प्रथम निर्माण केल्यास, ती चालण्यापूर्वी त्याची विचारणा होताच 'ॲट्रिब्यूट एरर' उद्भवते. शाळेचे नाव मात्र सर्वांस समान. ते साच्यातच शोभते.

२०१८ सालच्या ३.७ या आवृत्तीत आलेला 'डेटाक्लास' तर आरंभीचे मूल्य म्हणून थेट दिलेली यादी स्वीकारीतच नाही.