हातघाईच्या विद्येचे मूळ



फौजेतल्या हातघाईच्या लढाईचा विषय निघाला की डोळ्यांपुढे जुना मठ, गूढ गुरू आणि हजार वर्षांची परंपरा उभी राहते. मीही पुष्कळ वर्षे तेच समजत होतो. शाळा लवकर सुटली. पुढचे वाचन रात्री, युनियनच्या कचेरीत, हाती पडेल ते. त्यात कळले की दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश कमांडोंची ही विद्या मठातून आली नाही. ती शांघायच्या पोलीस चौकीतून आली.

विल्यम फेअरबर्न १९०७ साली शांघायच्या म्युनिसिपल पोलिसांत दाखल झाला. शहराचा तो भाग परदेशी व्यापाऱ्यांच्या ताब्यात होता. अधिकारी इंग्रज, शिपाई चिनी, आणि हिंदुस्थानातून भरती केलेले शीख. बंदरातल्या गुंडांनी फेअरबर्नला एकदा बेदम मारले. तेव्हापासून तो ओकाडा नावाच्या जपानी शिक्षकाकडे जुजुत्सू शिकू लागला. चिनी मुष्टियुद्धही शिकला, आणि टोकियोच्या कोदोकानचा ज्यूदोतील काळा पट्टा मिळवला.

येथे थोडे थांबले पाहिजे. जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये कोदोकान काढले तेव्हा जुन्या जुजुत्सूतले जीवघेणे प्रहार त्यांनी सरावाच्या झुंजीतून वगळले. त्यामुळे दोन गडी रोज पूर्ण ताकदीने झुंजू शकत आणि संध्याकाळी धडधाकट घरी जात. फेअरबर्नने याच्या उलट केले. वगळलेले प्रहार परत आणले आणि झुंज सोडून दिली. हनुवटीखाली तळहाताचा तडाखा, मानेवर हाताच्या कडेचा वार, गुडघा, बूट, एवढाच शिधा. घाबरलेल्या माणसाला नाजूक डाव आठवत नाहीत, ठोक हालचाल तेवढी शिल्लक राहते, हे त्याने ओळखले होते. मात्र असा वार जोडीदारावर पुरा करून पाहता येत नाही. ही उणीव त्या विद्येला कायमची चिकटली.

आता १९२५ साल. मे महिन्याच्या १५ तारखेला शांघायच्या एका जपानी कापड गिरणीत गू चंगहुंग नावाच्या कामगारावर गोळी झाडली गेली, तो मेला. ३० मे रोजी विद्यार्थी आणि कामगार नानकिंग रस्त्यावर उतरले. इंग्रज इन्स्पेक्टरच्या हुकुमावरून शीख आणि चिनी शिपायांनी गोळ्या झाडल्या. काही माणसे जागीच पडली, काही पुढे इस्पितळात गेली. गोळी झाडणाऱ्यांत आपल्याकडून पोटासाठी गेलेले गडी होते, हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवले होते. संप महिनोन्‌महिने चालला. या प्रकारानंतर दंगे आवरण्यासाठी खास राखीव तुकडी उभारण्याचे काम फेअरबर्नकडे आले. दुसऱ्याच वर्षी, १९२६ मध्ये, त्याचे ‘डिफेंडू’ हे पुस्तक निघाले.

१९४० मध्ये इंग्लंडवर जर्मन स्वारीचे सावट होते, आणि फौजेला थोड्या आठवड्यांत तयार होणारी माणसे हवी होती. फेअरबर्न आणि त्याचा शांघायचा सोबती एरिक साइक्स यांनी स्कॉटलंडमध्ये कमांडोंना हीच शिकवण दिली. दुधारी कमांडो सुऱ्यावर आजही या दोघांची नावे आहेत. १९४२ मध्ये फेअरबर्न कॅनडात गेला, तेथून अमेरिकन हेरखात्याकडे. रेक्स अ‍ॅपलगेट या अमेरिकन अधिकाऱ्याने ती विद्या पुढे पुस्तकात घातली.

रशियात त्याच कोदोकानचे पाणी दुसऱ्या पाटाने गेले. तेथे शिकलेल्या वासिली ओश्चेपकोव्हने ज्यूदोची झुंज सोडली नाही. तिला इतर कुस्त्यांची जोड दिली. त्यातून साम्बो घडले. १९३७ मध्ये जपानचा हेर ठरवून त्याला अटक झाली, आणि थोड्याच दिवसांत तो तुरुंगात मेला. पुढच्या वर्षी, १९३८ मध्ये, सरकारने त्या खेळाला मान्यता दिली. त्याचे नाव मात्र त्यातून गाळले गेले होते.

फेअरबर्नचे तसे झाले नाही. महायुद्ध संपल्यावर तो पुन्हा पोलिसांकडेच वळला. ब्रिटिश अमलाखालच्या सिंगापूरमध्ये आणि सायप्रसमध्ये दंगा-पथके शिकवण्यासाठी त्याला बोलावणे आले. तेव्हा त्याने पासष्टी ओलांडली होती.