यंत्राची आठवण पुसली जाते तेव्हा

नागपूरहून सावनेरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात कोराडीची उंच धुराडी दिसू लागतात. तेथे ६६० मेगावॉटचे तीन मोठे संच आहेत. अशा केंद्राला कोळसा लागतो तो दिवसरात्र, आणि तो बॉयलरपर्यंत पोचतो एकामागून एक धावणाऱ्या रबरी पट्ट्यांवरून.

समजा, असे तीनच पट्टे आहेत. पहिला आपला कोळसा दुसऱ्यावर टाकतो, दुसरा तिसऱ्यावर. आता सांगा, सर्वांत आधी कोणता पट्टा चालू करावा? वर्गात हा प्रश्न विचारला की निम्मी मुले ‘पहिला’ म्हणतात. तसे केले तर थांबलेल्या दुसऱ्या पट्ट्यावर कोळशाचा ढीग होईल! म्हणून आधी तिसरा सुरू करायचा, त्याने पूर्ण वेग घेतला की दुसरा, आणि शेवटी पहिला. बंद करताना क्रम उलटा. आणि मध्येच तिसरा बंद पडला, तर पहिले दोन त्याच क्षणी थांबले पाहिजेत.

हे सारे पूर्वी रिले नावाचे विद्युतचुंबकीय खटके करीत. कपाटेच्या कपाटे रिलेंनी भरलेली असत. क्रम बदलायचा म्हणजे तारा सोडून पुन्हा जोडायच्या. १९६८ साली अमेरिकेतील जनरल मोटर्स कंपनीने या कटकटीवर उपाय मागितला, आणि डिक मोर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘मोडिकॉन ०८४’ हे यंत्र तयार केले. तारांच्या जागी आज्ञावली आली. या जातीच्या यंत्राला प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर, थोडक्यात पी.एल.सी. म्हणतात. त्याची आज्ञावली शिडीसारख्या आकृतीत लिहीत, म्हणजे रिलेचे नकाशे वाचणाऱ्या वायरमनलाही ती कळावी. युक्ती इतकी चांगली होती की शिडी आजही टिकून आहे.

पण तारांचा एक गुण होता. वीज गेली तरी तारा जागच्या जागी राहत. आज्ञावली राहते ती इलेक्ट्रॉनिक स्मृतीत, आणि अनेक जुन्या पी.एल.सी.मधील स्मृती वीज जाताच कोरी होते. म्हणून तिच्या सोबतीला लिथियमचा एक लहान सेल देतात. स्मृती सांभाळायला प्रवाह अगदी थोडा लागतो. समजा तो १० मायक्रोअँपिअर आहे, आणि सेलची क्षमता १००० मिलिअँपिअर-तास. भागाकार करा : १,००,००० तास, म्हणजे अकरा वर्षांहून अधिक! प्रत्यक्षात मात्र सेल आतल्या आतही झिजतो, आणि उष्णतेत ही झीज वाढते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो. बंद लोखंडी कपाटात काय होत असेल याची कल्पना करा.

माझा एक जुना विद्यार्थी एका लहान कारखान्यात नोकरीला आहे. दिवाळीच्या सुटीत तेथील मुख्य वीज बंद ठेवली होती. सुटी संपली, बटण दाबले, तर एकही पट्टा हलेना. “सर, मोटारी ठीक, तारा ठीक. यंत्र बिघडलेलेच नव्हते, ते सारे विसरले होते.” सेल संपला होता. आज्ञावलीची नक्कल, म्हणजे बॅकअप, शोधता शोधता तीन दिवस गेले. सापडली ती तीन वर्षांपूर्वीची.

ती भरली. पट्टे धावू लागले, सर्वांनी हुश्श केले, आणि अर्ध्या मिनिटात मालाचा ढीग झाला. कारण मजेदार आहे. मधल्या काळात एक पट्टा लांबवला होता. लांब पट्ट्याचे वस्तुमान जास्त, जडत्व जास्त, म्हणून त्याला वेग घ्यायला वेळ जास्त. कोणीतरी यंत्रावरच ८ सेकंदांचे १५ सेकंद केले होते, पण नक्कल मात्र ८ सेकंदच सांगत होती. माणसाला दुखापत झाली नाही, हे नशीब.

म्हणजे नुसती नक्कल असून भागत नाही. चालू यंत्रात जे आकडे हळूहळू सुधारत नेलेले असतात ते वेगळे उतरवून घ्यावे लागतात. अनेक जुन्या यंत्रांत आज्ञांची नावे व टिपा साठवलेल्याच नसतात. यंत्रातून परत वाचले तर ‘प्रवेश क्रमांक ३’ एवढेच कळते, तो तिसऱ्या पट्ट्याचा संकटकाळी ओढायचा दोर आहे हे कळत नाही. ते कळते मूळ फाईलवरून. आणि पंधरा वर्षांपूर्वीची फाईल आजचे सॉफ्टवेअर उघडेलच असे नाही, तेव्हा जुने सॉफ्टवेअरही जपून ठेवायचे!

नक्कल ठेवायची कोठे? येथे मोठमोठ्यांची फसगत झाली आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ नावाचा विध्वंसक संगणक-विषाणू पसरला, आणि आपल्या न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. ते टर्मिनल चालवणाऱ्या मर्स्क समूहाच्या संगणक-जाळ्यात, कोणाला कोणता अधिकार आहे याची नोंद ठेवणारे सुमारे १५० संगणक होते. प्रत्येकात इतरांची नक्कल. पण सगळे एकमेकांना जोडलेले, त्यामुळे सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, आफ्रिकेतील घानामधला. का? त्या वेळी तेथे वीज गेली होती, म्हणून तो जाळ्यापासून तुटलेला होता! त्यातील माहिती माणसाच्या हातून विमानाने लंडनला न्यावी लागली. वीज जाण्याचा असा उपयोग मी दुसरा ऐकलेला नाही.

माझ्या विद्यार्थ्याने आता एक प्रत कशालाही न जोडलेली, कुलपात ठेवली आहे. प्रत्येक बदलानंतर ती नवी होते, आणि पाकिटावर तारीख असते. यंत्रातील आज्ञावली आणि पाकिटातील प्रत संगणकावर ताडून पाहिल्याशिवाय पाकीट बंद होत नाही. कपाटाच्या दारावर त्याने लाल अक्षरांत लिहिले आहे : सेल बदलताना वीज चालू ठेवा. वायरमनची सवय नेमकी उलट असते, आधी वीज बंद करायची. पण वीज बंद असताना सेल काढला की स्मृतीला कोणाचाच आधार उरत नाही. हे काम अर्थातच माहीतगाराने, उघड्या तारांपासून हात दूर ठेवून करायचे.

दर वर्षी एकदा तो प्रत मुद्दाम भरून पाहतो. आधी मोटारींची वीज तोडून फक्त दिवे लागतात का ते पाहायचे, मग संकटकाळचा दोर ओढून, मग पट्टे रिकामे चालवून. घड्याळात १५ सेकंद मोजले जातात, आणि त्यानंतरच माल सोडतात.